अडतीणबाई

तू गेल्यापासून जो उठतो तो येऊन मला सांगतो, देवमाणूस होती. ओसरीवर टेकायचं, पागोटं काढून मांडीवर ठेवायचं, घटकाभर जमिनीकडं बघायचं आणि म्हणायचं, देवमाणूस होती बाई, कोणाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई. पहिले काही दिवस मी ऐकून घेतलं. पण तेरवीच्या पंगतीत शेजारचा आबा हेच बोलला, तवा मला राहवलं न्हाई.

"आबा," मी म्हणलो, "ती सगळ्यांच्या मधातच होती. मधी उभं राहणं हाच तिचा धंदा होता."

आबा घास हातात धरून बघतच राह्यला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

बायामाणसांचं आणखी वेगळंच. त्या म्हणतात, भाग्यवान. नवऱ्याच्या आधी गेली, हिरव्या चुड्यात गेली, भरल्या कपाळानं गेली. ह्यात तुझं भाग्य कोणतं आणि माझा गुन्हा कोणता, हे मला कोणी समजावून सांगत न्हाई. सकाळी चूल पेटवतो तर धूर डोळ्यात जातो. भाकर थापायला घेतो तर ती तीन ठिकाणी फाटते. तू असती तर हसून हसून खाली बसली असती, आणि मंग तीच भाकर खाल्ली असती. भाग्य म्हणे.

वाचनालयाचे मास्तर काल आल्ते. ते महिन्याला एक हाती लिहिलेला अंक काढतात, ते तुला माहीत आहे, तूच त्यांना तीन वेळा नावं ठेवली होती त्या अंकावरून. ते म्हणले, "मामा, बाईंबद्दल तुम्ही सांगा, मी लिहून घेतो, शुद्ध करून." मी म्हणलो, शुद्ध करायचं असल तर राहू द्या, माझं मी लिहितो. मला लिहायची सवय न्हाई. मदरशात दोन यत्ता उर्दू शिकलो, मराठी अक्षर तू शिकवलं, तेबी लेकी सासरी गेल्यावर. तवा हे आहे हे असं आहे. ज्याला समजल त्यानं वाचावं.

तुझ्या धंद्याची सुरुवात माझ्या धंद्यातून झाली, हे पहिलं लिहितो, कारण दुसरं कोणी सांगणार न्हाई. मी शेटजींच्या अडतीवर काटा धरायचो. परतूरकडून, अंबडकडून, जाफराबादेकडून कापसाच्या गाड्या जालन्याच्या मोंढ्यात यायच्या. इकडं शेतकरी, तिकडं व्यापारी, आणि मधी अडत्या. माल त्याचा न्हाई, पैसा त्याचा न्हाई, नुसता शब्द त्याचा. तू दुपारी भाकर घेऊन यायची. बाकीच्यांच्या बाया भाकर ठेवून मागं फिरायच्या. तू माझं खाऊन होईपर्यंत बाभळीखाली बसून सगळं बघायची. तुझं ते बसणं कोणाला आवडत नव्हतं. मलाबी न्हाई.

"अवो, हा अडत्या गाडीत कोपरापर्यंत हात का घालतो?"

"वानगी काढायला. व्यापाऱ्याला नमुना दाखवावा लागतो."

"मंग वरचा घ्यावा की."

"वरचा कापूस समदेच चांगला ठेवतात. खरा माल मधी असतो. वरचा दाखवला आणि खाली किडकी कवडी निघाली तर अडत्याचा शब्द गेला."

तू गाडीपाशी जाऊन बघून आली. मंग म्हणली, "बराबर आहे." तुझ्या तोंडून 'बराबर आहे' निघालं म्हणून मी त्या दिवशी भाकर जरा जास्तच खाल्ली. मला काय माहीत, हे सगळं तू घरी घेऊन चालली.

तुझ्या माहेरी, जाफराबादेला, एक म्हातारे मास्तर होते. त्यांनीच तुला अक्षरओळख दिल्ती. जन्मभर कविता करून त्यांनी ट्रंकेत घातल्या. निजामाच्या मुलखात कचेरी उर्दूत, शाळा उर्दूत, आणि मराठी पुस्तक काढायचं म्हणलं तर आधी परवानगीच्या खेपा. पुस्तकं छापणारे सगळे तिकडं पुण्या-मुंबईला, इंग्रजाच्या हद्दीत. मास्तर म्हणायचे, माझ्याबरोबर जाळा. तू माहेरपणाला गेल्ती आणि येताना ती ट्रंकच घेऊन आली. मी विचारलं, लुगडी का? तू म्हणली, "माल आहे."

मंग तू बसून मधलीच काही पानं काढली, वर दोन ओळी लिहिल्या, वानगी पाठवली आहे, पसंत पडल्यास बाकी माल पाठवू, आणि दिलं पुण्याच्या एका प्रकाशकाला पाठवून. त्यांचं उत्तर आलं, बाडाची सुरुवातीची पाने टपालात गहाळ झालेली दिसतात, कृपया तपास करावा.

केवढी चिडली होती तू!

"गहाळ कशी होतील? माझ्यापाशी हायेत!"

"अगं, पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात माणसं."

"वाचतात ते वाचतात. विकत घेणाऱ्यानं मधी हात घालून बघावा. वर कोणीबी चांगलं लिहील."

आणि तसंच कळवलंस त्या माणसाला. वरचा माल समदेच चांगला ठेवतात, तुम्ही मधला बघा. मी कपाळाला हात लावला. आता जाफराबादच्या मास्तराचं काही खरं न्हाई, असं मला वाटलं. पण तो प्रकाशक माणूस होता म्हणायचा. त्यानं मधला बघितला, बाकीचा मागवला, आणि मास्तरांचं पुस्तक निघालं. मास्तरांनी ते उशाशी घेतलं ते शेवटपर्यंत काढलं न्हाई. पुढं त्या प्रकाशकाला कोणी जास्तीच फुगवून पहिलं पान लिहिलं की तो म्हणायचा म्हणे, जालन्याच्या बाईंना दाखवून आणा.

हळूहळू माणसं यायला लागली. वह्या घेऊन, चोपड्या घेऊन, कोणी नुसतंच तोंडात घेऊन. मोंढ्यात बभ्रा झाला. शेटजी एक दिवस गादीवरून ओरडले, "क्यूं रे, तेरी घरवाली ने भी गद्दी डाल दी क्या? अडतीणबाई!" समदे हसले. तिथून ते नाव पडलं. ते टोमण्याचं नाव होतं, हे मी विसरलेलो न्हाई. मला घरी येऊन सांगायची लाज वाटली. पण तुला आधीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी भाकर घेऊन आली आणि सरळ गादीसमोर उभी राह्यली.

"शेटजी, नाव चांगलं दिलं. आता अडत्याची रीतबी सांगा. शेतकऱ्याला न विचारता अडत्या भाव तोडतो का?"

शेटजी तंबाखू मळायचे थांबले. "ना बाई. तोडेगा तो अडतिया काहे का?"

"मंग झालं. मीबी तीच रीत पाळीन."

त्या दिवसापासून शेटजींनी कधी टोमणा मारला न्हाई. उलट त्यांच्या सुनेनं मारवाडी रांधणाचं पुस्तक लिहिलं, तेसुद्धा तूच काढून दिलंस. त्याची अडत म्हणून तुला पापडाचं गाठोडं आलं. तू घेतलं. तू नेहमी घ्यायची. वडीगोद्रीचा माणूस शेंगा आणायचा, कोणी तुरीची डाळ. मी म्हणायचो, गरिबाचं काय घेते. तू म्हणायची, "फुकट केलं की उपकार होतो. उपकाराखालचा माणूस मला न्हाई म्हणू शकत न्हाई. माझ्याशी भांडता आलं पाहिजे त्याला."

आणि देवमाणूस म्हणणाऱ्यांनी हेबी ऐकावं. तू किती माणसं परत पाठवली! अंबडचा तो पाटील सहा महिने बसून मोठं नाटक लिहून आल्ता. तू मधलं वाचलं आणि म्हणली, "पाटील, हे नाटक न्हाई. हे तुमच्या भावाबरोबरचं बांधाचं भांडण आहे. मुनसिफाकडं जा." पाटील लाल झाला. पुढं तो खरंच मुनसिफाकडं गेला आणि जिंकला. आता दुखवट्याला आला तर डोळ्यात पाणी आणून म्हणला, "फार मायाळू होत्या." मी त्याला पाणी दिलं.

आता केरबाचं लिहितो. खरं म्हणजे हे सगळं त्याच्यासाठीच लिहून राह्यलो.

केरबा परतूरकडच्या आष्टीचा गाडीवान. तिथून कापूस घेऊन जालन्याला यायचा. चार बुकं शिकलेला, पण तोंडाळ. माप होईपर्यंत बाभळीखाली बसून गोष्टी सांगायचा, आणि हमाल, गाडीवान, चहावाला, सगळे गोळा व्हायचे. शेटजी बोंबलायचे, माल कोण उतरवणार म्हणून. तू एक दिवस त्याला विचारलं, "केरबा, हे लिहित का न्हाई?" तो म्हणला, "अक्का, लिहिलं तर बसून राहावं लागल, बैल उपाशी मरतील." पण लिहिलं त्यानं. कापसाची गाडी आष्टीहून निघती आणि जालन्याला पोचती, एवढीच गोष्ट. मधी दुधना नदी, उतारात रुतलेला बैल, वाटेतली माणसं, त्यांची भांडणं. सगळी आपल्यासारखी बोलतात. तू वाचून दाखवलं तवा मी म्हणलो, ह्याच्यात काय आहे, हे तर मी रोज ऐकतो. तू म्हणली, "म्हणून तर."

ते बाड टपालानं पाठवायला तू तयार न्हाई झाली. मंग आपण दोघं रेल्वेनं निघालो, मनमाडवरून पुण्याला. आठवतं तुला? हद्दीजवळ करोडगिरीचा कारकून डब्यात चढला. बाहेर जाणाऱ्या मालावर जकात घ्यायचं त्यांचं काम. त्यानं तुझ्या मांडीवरचं गाठोडं बघितलं.

"ये क्या है?"

"माल," तू म्हणली.

मी तुझा पदर ओढला.

"कौनसा माल? खोलो."

तू गाठोडं सोडलं. त्यानं कागद वरखाली केले. "मराठी है. क्या लिखा है इसमें? सरकार के खिलाफ तो नहीं?"

"बैल रुतलाय नदीत," तू म्हणली. "ऐका." आणि तू वाचायला लागली. तो माणूस परभणीकडचा असावा, त्याला मराठी बराबर समजत होती. पहिल्यांदा उभ्यानं ऐकलं, मंग समोरच्या फळीवर टेकला. पाणी बैलाच्या पोटाला लागलं, केरबा जू सोडायला खाली उतरला, आणि शिट्टी झाली. कारकून दचकून उठला. गाठोड्याला हातसुद्धा न लावता उतरला. गाडी हलली तसा तो फलाटावरून आपल्या डब्याबरोबर चालायला लागला.

"बाई! ओ बाई! बैल निकला क्या?"

तू खिडकीतून डोकं काढलं. "छापल्यावर वाचा!"

त्या हसण्यात तू किती वर्षांनी लहान झाली होती, ते मला इथं लिहिता येत न्हाई. मनमाड येईपर्यंत तू हसत होती आणि मी तुला दबकून बघत होतो.

पुण्याला प्रकाशकानं मला खुर्ची दिली, मलाच चहा विचारला. "आपण लेखक?"

"न्हाई. मी तोलतो."

"आणि या?"

"या विकतात."

तोच तो माणूस, ज्याला तू गहाळ पानांचं उत्तर दिल्तं. ओळख पटल्यावर त्यानं तुला दोन्ही हात जोडले. चांगला माणूस होता, आहे. बाड ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणला, बाई, रात्रभर वाचलं, पुस्तक काढतो. फक्त भाषा सुधारून घेऊ. आणि त्यानं नमुन्याला सुधारलेली दोन-तीन पानं पुढं केली. जिथं जिथं 'न्हाई' तिथं तिथं 'नाही'. जिथं 'करून राह्यलो' तिथं 'करीत आहे'.

"हे कशाला?" तू विचारलं.

"पुण्यात कोणाला कळणार हो हे?"

"पुण्यातल्या पुस्तकातलं आम्हाला कुठं सगळं कळतं? आम्ही विचारून घेतो. त्यांनीबी विचारावं."

त्यानं समजावलं, पुस्तक विकलं जायला पाहिजे, लोक हसतील, ग्रामीण म्हणून बाजूला ठेवतील. तू ऐकलं. मंग बाड उचललं, ती सुधारलेली पानंसुद्धा आत घातली, आणि गाठोडं बांधलं. तो दारापर्यंत आला. म्हणला, "बाई, विचार करा. माझं दार उघडं आहे."

परतीच्या गाडीत आपण भांडलो. आणि घरी आल्यावर भांडलो. आणि त्यानंतर जवा जवा त्या बाडावरची धूळ झटकली तवा तवा भांडलो. मी म्हणायचो, एका शब्दाला काय धरून बसली? 'न्हाई' म्हणलं काय, 'नाही' म्हणलं काय, बैल रुतायचा तो रुततोच. पुस्तक गाठोड्यात पडून कोणाच्या कामाचं? बाहेर येऊ दे. तू म्हणायची, कापूस म्हणून नेला आणि ज्वारी म्हणून विकला तर त्याला अडत म्हणत न्हाईत. एक काना हलू देणार न्हाई. दुसऱ्या प्रकाशकांना लिहिलं, त्यांच्याकडूनबी तेच. कोणी उत्तरच दिलं न्हाई. केरबा मोंढ्यात आला की विचारायचा, "अक्का, आपल्या गाडीचं काय झालं?" तू म्हणायची, "रुतली आहे. निघल."

मंग गडबडीचे दिवस आले. इंग्रज गेले म्हणतात, आपल्याकडं मात्र कोणाचं राज्य कधी जाईल ते कोणाला कळंना. रस्ते धड न्हाईत, लोक घरदार सोडून हद्दीपलीकडं चालले. मोंढा ओस. तुझी छाती धरली ती ह्याच दिवसांत. वैद्याचा काढा झाला, मिशनच्या दवाखान्यातलं औषध झालं. आणि त्या आजारपणात, मला आजबी ते बोललो म्हणून वाईट वाटत न्हाई, मी तुला विचारलं, "तू केरबाला विचारलं का?"

"काय?"

"की त्याची भाषा बदलू द्यायची का न्हाई. माल त्याचा. तू शेटजीसमोर बोलली होती, शेतकऱ्याला न विचारता अडत्या भाव तोडत न्हाई म्हणून. प्रकाशकाला न्हाई कोण म्हणलं? तू. केरबाला कधी विचारलं?"

तू माझ्याकडं बघितलं. तू भिंतीकडं तोंड फिरवलं आणि म्हणली, "उद्या बोलू." तो उद्या आलाच न्हाई. दम वाढत गेला, बोलणं कमी होत गेलं, आणि पुढं तू फक्त पाणी मागायची. मला अजून कळलं न्हाई, तू चिडली होती का तुला पटलं होतं. हे मला कळायला पाहिजे. पन्नाशी उलटून गेलेल्या संसारात एवढं तरी माझ्या हक्काचं होतं.

तेरवीनंतर प्रकाशकाचा कागद आला. वाचनालयाच्या मास्तरांनी त्याला तुझं कळवलं होतं. त्यानं दुःख लिहिलं, मनापासून लिहिलं, ते वाचून मला रडू आलं. खाली लिहिलं होतं, बाईंनी जिवापाड जपलेलं ते बाड आता प्रकाशात यावं. भाषा आम्ही सुधारून घेऊ, पहिल्या पानावर 'बाईंच्या पवित्र स्मृतीस अर्पण' असं छापू. आपली संमती कळवावी.

दोन दिवस मी तो कागद घेऊन हिंडलो. खरं लिहितो. मला वाटलं, झालं, देऊन टाकावं. तुझं नाव छापून येईल. मोंढ्यातल्या हमालापासून शेटजीपर्यंत सगळ्यांच्या हातात देईन, देवमाणूस म्हणणाऱ्या आबाच्या तोंडासमोर धरीन. मी तर पहिल्यापासून म्हणतच होतो, बाहेर येऊ दे म्हणून. तू आता भांडायला न्हाई. कोण अडवणार मला? पण संमती माझी कशी? माल कोणाचा?

मंग मी बाड बांधलं आणि आष्टीला निघालो. परतूरपर्यंत रेल्वे, पुढं मिळल त्या गाडीनं. लोक म्हणले, ह्या दिवसांत कशाला जाता मामा. मी म्हणलो, ज्याचा माल त्याला विचारायला.

केरबा गोठ्यात होता. मला बघून पहिल्यांदा रडला, मंग घोंगडं टाकलं. त्याची बायको पारूबाई चहा ठेवून दारात बसली. मी म्हणलो, केरबा, पहिलं ऐक, मंग बोल. आणि मी प्रकाशकाची सुधारलेली पानं वाचली. अडखळत वाचली, पण वाचली. दुधनेचा उतार, रुतलेला बैल, आणि केरबा बैलाला म्हणतो, चल माझ्या राजा, का बरे थांबला आहेस?

पारूबाईनं पदर तोंडाला लावला. "दाजी, हे कोण बोलून राह्यलं? नदीवर पाव्हणे आलेत का?"

"तुझा नवरा."

"अगं बया! मंग बैल हलणारच न्हाई. त्याला वाटल, दुसऱ्यालाच बोलतोय."

आम्ही तिघंबी हसलो. तेरवीनंतर मी पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता मला तुझा भयंकर राग आला. इथं यायचं एवढंसं काम होतं. हा हसण्याचा घास तुझा होता, आणि तू तो हट्टापायी सोडला.

केरबा बराच वेळ दाव्याची गाठ सोडत आणि बांधत बसला. मंग म्हणला, "दाजी, ह्याच्यात दोन बोलणी आहेत. एक गोष्ट सांगणाऱ्याचं. तो कोणीबी असू द्या, शिकलेला असू द्या, त्यानं पुण्यासारखं बोलावं. मला त्याचं काही न्हाई. पण गाडीवान बोलतील ते गाडीवानासारखंच. पारी बोलल ती पारीसारखी. आणि बैलाशी मी जे बोललो त्याला बिलकुल हात लावायचा न्हाई. बैलानं ते ऐकलंय."

बघ. तू म्हणायची एक काना हलू देणार न्हाई. मी म्हणायचो सगळं देऊन टाक. दोघं कितीतरी वर्षं भांडलो, आणि हे आपल्याला सुचलं न्हाई. ज्याचं होतं त्याला घोंगड्यावर बसल्या बसल्या सुचलं.

मंग मी अर्पणाचं वाचलं. मला वाटलं, आता तो पुन्हा रडल. तो रडला न्हाई. मान खाजवली.

"दाजी, एक बोलू का? राग धरू नका."

"बोल."

"ते अर्पण मला खैऱ्याला करायचंय."

"कोण खैऱ्या?"

"रुतला तो. मागच्या साली गेला. मी शब्द दिल्ता त्याला."

"बैलाला?"

"मंग कोणाला? गोष्ट त्याची हाये."

मला राग आला. माझ्या बायकोनं तुझ्यासाठी जन्म झिजवला आणि तू तिच्या जागी बैलाचं नाव लावतो? असं बोललो मी, ह्याच्यापेक्षा वाईटबी बोललो. पारूबाई उठून आत गेली. केरबानं सगळं ऐकलं. मंग माझ्याकडं बघून म्हणला, "अक्का असत्या तर काय म्हणल्या असत्या, ते सांगा. तुमी सांगाल तसं करू."

मी सांगू शकलो असतो. खोटं बोलायला काय लागतं? तिथं कोणी साक्षीला नव्हतं. पण तू काय म्हणली असती ते मला माहीत होतं, आणि त्यालाबी माहीत होतं, आणि म्हणूनच त्या लबाडानं विचारलं.

"म्हणली असती, माल त्याचा," मी म्हणलो.

परतूरच्या ठेसनावर बसून मी प्रकाशकाला उत्तर लिहिलं. सांगणाऱ्याची भाषा तुमची. बोलणाऱ्यांची भाषा त्यांची, एक काना हलणार न्हाई. अर्पण खैऱ्या बैलाला. हे लेखकाचं म्हणणं आहे, मी फक्त मधी आहे. पसंत असल तर कळवा, न्हाई तर आम्ही दुसरं दार बघू. टपालात टाकलं. अजून उत्तर आलं न्हाई. येईल तवा येईल. न्हाई म्हणला तर मुंबई आहे, नागपूर आहे. तू गेली म्हणून अडत बंद झाली, असं कोणी समजू नये. काल वडीगोद्रीची एक बाई चोपडी घेऊन आली. मी मधलं पान काढलं, चाचरत वाचलं आणि तिला सांगितलं, हे चांगलं आहे, पण तुम्ही घाबरून लिहिलंय, परत लिहा. ती चिडून गेली. येईल परत.

केरबाला तू विचारायला पाहिजे होतं. मी मागं हटणार न्हाई ह्याच्यातून. तू सगळ्यांना रीत सांगितली आणि एका ठिकाणी स्वतःच मोडली, आणि ती कोणासाठी मोडली? ज्याच्यावर तुझा सगळ्यात जास्त जीव होता त्याच्यासाठी. माझ्यापाशी तुझ्याबद्दल सांगायला ह्याच्यापेक्षा चांगलं काही न्हाई, आणि हे कोणी दुखवट्याला येणारा सांगत न्हाई.

पुस्तक निघालं तर त्याच्यावर केरबाचं नाव असल, आत बैलाचं असल. जाफराबादच्या मास्तरांच्या पुस्तकात तुझं नाव न्हाई, शेटजींच्या सुनेच्या पुस्तकात न्हाई, एकातबी न्हाई. लोकांच्या तोंडी तू अडतीणबाई, केरबाची अक्का, लेकींची आई. मी तर संसारभर 'अगं' म्हणलो. नवऱ्यानं नाव घ्यायची आपल्यात रीत न्हाई. म्हणून हे एवढं सगळं लिहिलं, एका शब्दाला जागा करायला. कौतिका. हे नाव कोणी रीतीचं सांगून खोडलं, तर मी परत लिहीन.